तोमेरु की यामेरु: आइचीतल्या कारखान्यातला एक दिवस

सकाळी ६.५०. जपानच्या आइची प्रांतात नागोयाकडे जाणारी गाडी सुटायच्या बेतात असते आणि फलाटावर रोजची घोषणा होते: ‘काकेकोमी जोशा वा ओयामे कुदासाई.’ धावत येऊन गाडीत घुसू नका. यातलं ‘ओयामे’ म्हणजे यामेरु, आपण करत असलेली किंवा करायला निघालेली गोष्ट सोडून देणं. स्थानकाबाहेरच्या चौकात लाल रंगाची उलटी त्रिकोणी पाटी आहे, तिच्यावर ‘तोमारे’, म्हणजे ‘थांबा’. मूळ क्रियापद तोमारु, त्याचं सकर्मक रूप तोमेरु: चालती गाडी, फिरतं यंत्र, वाहतं पाणी थांबवणं. थांबणं आणि थांबवणं ही जोडी आपल्याकडेही आहे, त्यामुळे तोमारु-तोमेरु मराठी माणसाला पटकन कळतं. अडतं ते पुढे. तोमेरु आणि यामेरु कागदावर एकाच चिन्हाने लिहितात. चार रेघांचं हे चिन्ह मुळात पावलाचं चित्र होतं. शेवटची अक्षरंही दोन्हींची तीच. वाचायचं काय, ते संदर्भावरून ठरवायचं.

८.००. मी मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात दुभाषी आहे. सांगली, कोल्हापूर, नगरकडची मुलं इथे प्रशिक्षणाला येतात. पाळी सुरू होण्याआधी हान्चो, म्हणजे गटप्रमुख, सगळ्यांकडून तीन शब्द म्हणवून घेतात: तोमेरु, योबु, मात्सु. थांबव, बोलाव, वाट बघ. टोयोटाच्या कामाच्या पद्धतीतून हे तीन शब्द आसपासच्या कारखान्यांत पोहोचले. मूळ विचार त्याहून जुना आहे. साकिची तोयोदांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, म्हणून खराब कापड विणलं जात नसे.

१०.१५. एका मुलाला बोल्ट नीट बसलेला दिसत नाही. डोक्यावरची दोरी ओढायला त्याचा हात उठतो आणि अडतो. घरून येताना त्याने मनात बांधलेलं असतं, की लाइन अडवली म्हणजे बोलणी खायची. मी नुसती मान हलवते. तो दोरी ओढतो. वरच्या फलकावर त्याच्या जागेचा पिवळा दिवा लागतो, एक छोटी धून वाजते, हान्चो धावत येतात. लाइन लगेच थांबत नाही. ती त्या कामाच्या जागेच्या शेवटच्या खुणेपर्यंत सरकते. तेवढ्यात दोष निघाला तर दोरी पुन्हा ओढायची आणि लाइन चालू राहते. नाही निघाला तर खुणेवर थांबते, दिवा लाल होतो. आज बोल्ट वेळेत बसतो. हान्चो मुलाला ‘आरिगातो’ म्हणतात. तोमेरु समजायला मला याहून चांगला धडा माहीत नाही: थांबवायचं ते पुन्हा नीट चालावं म्हणून.

१२.०० ला जेवण. सर्दी झालेला एकजण औषधाच्या दुकानात काय मागू विचारतो. खोकल्याचं सेकिदोमे, दुखण्यावर इतामिदोमे. जोडशब्दात ‘तो’चा ‘दो’ होतो, एवढंच.

१.३०. नव्या कार्यपद्धतीचा कागद मराठीत करायचा आहे. ‘दोष दिसला तर साग्यो ओ...’ आणि पुढे तेच चार रेघांचं चिन्ह. साग्यो म्हणजे काम. तोमेरु वाचलं तर काम थांबवून जागेवर उभं राहायचं, यामेरु वाचलं तर काम सोडायचं. प्रेसजवळ उभ्या असलेल्या मुलाच्या बाबतीत हा फरक बोटांशी येऊन पोहोचतो. मी ‘काम थांबवा, जागा सोडू नका’ असं लिहिते आणि हान्चोंकडे जाऊन मूळ कागदावर चिन्हाच्या डोक्यावर छोट्या अक्षरात ‘तो’ छापायची विनंती करते. ते लगेच पेन काढतात. अशा कागदांवर उच्चार छापणं सक्तीचं करावं, असं माझं ठाम मत आहे. परदेशातून आलेल्या कामगाराने संदर्भ ताडत बसायचं आणि यंत्र मात्र चालूच, हे चालणार नाही.

४.४०. एक मुलगा कोपऱ्यात गाठतो. “ताई, मला नोकरी सोडायचीय. हान्चोंना सांगा ना.” वडील आजारी आहेत, घरी शेती बघायला कोणी नाही. नोकरी सोडण्याच्या यामेरुला वेगळं चिन्ह आहे, राजीनाम्याच्या शब्दातही तेच येतं. बोलताना मात्र कानाला काहीच फरक कळत नाही, म्हणून मी आधी ‘काइशा ओ’, कंपनी, हे स्पष्ट म्हणते आणि मग ‘यामेताई’. नाहीतर हान्चोंना वाटेल, की पोराला हातातलं काम नकोसं झालंय.

हान्चो खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसतात. आपण हिकितोमेरु करायला, म्हणजे सोडून जाणाऱ्याला थोपवायला बसलेलो नाही, हे ते आधीच सांगतात. मग विचारतात, वडिलांकडे कोण आहे, रजा घेऊन जाऊन आलास तर भागेल का. मुलगा बराच वेळ बोलतो, मी वाक्यावाक्याला थांबून सांगत राहते. शेवटी रजेचा अर्ज भरायचं ठरतं. विमानाचं तिकीट मिळालं की तो निघेल. अर्जावर कारण कोणत्या शब्दांत लिहायचं, त्यावर आम्ही तिघं अजून बोलतोय.