विश्लेषण : देवगावच्या ‘मैत्री’ करारात यवतमाळ निजामाकडे कसे गेले?

नागपूरहून वर्धा, देवळीमार्गे यवतमाळकडे येताना वर्धा नदीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. ही सीमा आजची नाही. ती १७ डिसेंबर १८०३ रोजी, गाविलगडाखालच्या मुलखातील देवगाव येथे झालेल्या तहात लिहिली गेली. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, दुसऱ्या बाजूला सेनासाहेब सुभा रघुजी भोसले (दुसरे). तहाच्या पहिल्याच कलमात दोन्ही सत्तांमध्ये कायमची शांतता आणि मैत्री राहील, असे म्हटले होते. त्या मैत्रीत आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग निजामाच्या पदरात पडला.

त्याआधी येथे राज्य कोणाचे होते?

दोघांचे. नावाला वऱ्हाड निजामाचे, पण महसुलात भोसल्यांचा मोठा वाटा. एकाच गावातून दोन सरकारांचे कामगार वसुलीला येत. रयतेला दोन्हीकडे तोंड द्यावे लागे. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले एकत्र येऊन इंग्रजांशी लढले. २३ सप्टेंबरला असईत, २९ नोव्हेंबरला अडगावात हार झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगडही पडला. दोनच दिवसांनी भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र आणि इंग्रजांच्या बाजूने जनरल आर्थर वेलस्ली यांनी तह पुरा केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवले.

तहात नेमके काय ठरले?

कटक आणि बालासोर कंपनीला मिळाले. त्यामुळे बंगाल आणि मद्रास हे कंपनीचे दोन मुलूख किनाऱ्याने जोडले गेले. इंग्रजांचा खरा फायदा हाच. वर्धेच्या पश्चिमेला निजामाबरोबर वाटून घेतल्या जाणाऱ्या महसुलावरचा हक्क भोसल्यांनी सोडला. नदी हीच सीमा ठरली. नरनाळा, गाविलगड आणि लगतचा चार लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तेवढा भोसल्यांकडे राहिला, तोही १८२२ पर्यंतच.

बाकी कलमे वाचली की ‘मैत्री’चा अर्थ उलगडतो. निजाम किंवा पेशवे यांच्याशी भोसल्यांचा वाद झाला तर निवाडा कंपनी करणार. इंग्रजांशी युद्ध सुरू असलेल्या कोणत्याही युरोपीय किंवा अमेरिकी देशाचा माणूस भोसल्यांनी परवानगीशिवाय चाकरीला ठेवायचा नाही. दोन्ही दरबारांनी एकमेकांकडे वकील पाठवायचे, हे कलम कागदावर बरोबरीचे. पण त्यानुसार नागपुरात आलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पाहुणा कमी आणि पहारेकरी जास्त होता.

निजामाने या कागदावर सही केली नव्हती. कंपनीचा दोस्त म्हणून त्याला मुलूख मिळाला.

मग कापूस या गोष्टीत कुठे आला?

पन्नास वर्षांनी. हैदराबादच्या दिमतीला ठेवलेल्या इंग्रजी अंमलाखालच्या फौजेचा, म्हणजे कंटिन्जंटचा, खर्च निजामाच्या डोक्यावर कर्ज होऊन बसला होता. २१ मे १८५३ च्या करारात गव्हर्नर जनरल डलहौसीने त्या खर्चापोटी वऱ्हाडचा कारभार आपल्याकडे घेतला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारसाशिवाय वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. ‘कायमच्या’ मैत्रीला जेमतेम पन्नास वर्षे झाली होती. आता वर्धेच्या दोन्ही काठांवर इंग्रजच होते.

कारकीर्द संपताना १८५६ मध्ये डलहौसीने या मुलखातील उत्तम कापसाचा मुद्दाम उल्लेख केला, कारण इंग्लंडच्या गिरण्यांना कच्चा माल कमी पडत होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या कापसाला एकदम सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो उतरलाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळहून मूर्तिजापूरला निघालेली अरुंद मार्गाची ‘शकुंतला’ प्रामुख्याने याच कापसासाठी होती. गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढत आणि मुंबई बंदराकडे जात.

यवतमाळवरचा निजामाचा हक्क संपला कधी?

इंग्रजांनी तो लगेच संपवला नाही, भाड्याने घेतला. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारानुसार वऱ्हाड दरसाल २५ लाख रुपयांच्या कायमच्या पट्ट्यावर इंग्रजांकडे गेले. दुसऱ्या वर्षी त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९०५ च्या फेररचनेत जुन्या वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. तरीही कागदावर मालक निजामच होता. १९३६ मध्ये त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. तोवर यवतमाळच्या शेतकऱ्याचा सारा तीन पिढ्यांहून अधिक काळ इंग्रजी खजिन्यात जमा होत होता.