सजीवांनी घडवलेली बेटे

केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० ते ४४० किलोमीटर अंतरावर अरबी समुद्रात विखुरलेल्या लक्षद्वीपच्या बेटांचे एकूण क्षेत्रफळ जेमतेम ३२ चौरस किलोमीटर असून त्यांपैकी दहाच बेटांवर कायमची वस्ती आहे. अगत्ती किंवा बंगारमला जाणाऱ्या पर्यटकाला तेथील पांढऱ्या वाळूचे अप्रूप वाटते. परंतु कोकणातील नद्यांप्रमाणे डोंगराची झीज वाहून आणणारी एकही नदी तेथे नसल्यामुळे ही वाळू आली कोठून, हा प्रश्न विज्ञानाच्या दृष्टीने अधिक मोलाचा ठरतो.

ही वाळू म्हणजे प्रवाळ, शंखशिंपले आणि चुनामय शैवले यांच्या सांगाड्यांचा चुरा होय. तो करण्यात लाटांइतकाच पोपटमाशाचाही हात असतो. या माशाचे पुढचे दात एकमेकांना जुळून चोचीसारखे झालेले असतात. मृत प्रवाळावर वाढलेले शैवल त्यांनी खरवडताना चुनखडीही पोटात जाते, घशातील दातांच्या दुसऱ्या संचाखाली ती दळली जाते आणि विष्ठेवाटे बारीक वाळू होऊन तळाशी पडते. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू तयार करतो, आणि त्याच्या चोचीचा खरवडण्याचा आवाज पाण्याखाली माणसालाही स्पष्ट ऐकू येतो.

प्रवाळ हा दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. पॉलिप नावाच्या, बहुधा काही मिलिमीटर आकाराच्या प्राण्यांची ती वसाहत असते. ज्वालामुखी बेटाभोवती वाढणारी प्रवाळभित्ती, बेट हळूहळू खचत गेले तरी, प्रकाशाच्या ओढीने वर वाढत राहते आणि अखेर उथळ खारकच्छाला, म्हणजे लगूनला, वेढणारे कंकणद्वीप तेवढे उरते, अशी उपपत्ती चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडली. प्रशांत महासागरातील एनिवेटोक येथे १९५२ मध्ये घेतलेल्या विंधनछिद्रांत हजार मीटरांहून जाड चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक लागला, तेव्हा या उपपत्तीला भक्कम पुरावा मिळाला. लक्षद्वीपच्या चुनखडीखालील ज्वालामुखी पाया रीयुनियन तप्तबिंदूशी, म्हणजे भूगर्भातून दीर्घकाळ लाव्हा वर येत राहणाऱ्या ठिकाणाशी, जोडला जातो आणि सह्याद्रीचा काळा कातळही त्याच तप्तबिंदूच्या लाव्ह्याचा मानला जातो, हे मराठी वाचकाने आवर्जून ध्यानात घ्यावे.

अशा बेटांवरचा गोड्या पाण्याचा साठा नाजूक असतो. पावसाचे पाणी सच्छिद्र जमिनीत मुरून जड खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराच्या थरात तरंगते. विहिरींतून उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर चढते.

बेटे घडवणारे प्रवाळही तितकेच नाजूक असतात. पॉलिपच्या शरीरात राहणारी एकपेशीय शैवले प्रकाशसंश्लेषण करून त्याला बहुतांश अन्न पुरवतात. समुद्राचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा अंशभराने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर ही शैवले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. यालाच विरंजन म्हणतात. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे संकट सोसले. भित्ती मेली की ती झिजते, लाटांचा मारा अडत नाही आणि वाळूचा पुरवठाही आटतो. बंगारम कंकणद्वीपातील परळी-१ हे चिमुकले निर्जन बेट धूप होऊन पूर्ण नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिले.

तापमानवाढ एकट्या पर्यटकाला रोखता येणार नाही; मात्र उथळ पाण्यात प्रवाळावर पाय न देणे, होडीचा नांगर भित्तीवर टाकू न देणे, गोडे पाणी जपून वापरणे आणि किनाऱ्यावरचा पोवळ्याचा तुकडा जिथल्या तिथे राहू देणे, एवढे तर प्रत्येकाने करावेच.