पैसे कमी, माप अचूक: हॅम रेडिओसाठी घरगुती अँटेना कसा बनतो?

मोबाईलमध्ये एफएम लावलं की बऱ्याच फोनवर सूचना येते: आधी इअरफोन जोडा. आवाज स्पीकरवर हवा असला तरी वायर लागतेच. कारण ती एक-सव्वा मीटरची वायरच फोनसाठी एफएमचा अँटेना असते. म्हणजे जुगाडू अँटेना तुम्ही आधीच वापरलेला आहे!

हॅम रेडिओवाले हेच मोठ्या प्रमाणावर करतात. हॅम म्हणजे सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या सेटवरून बोलणारे हौशी रेडिओचालक. त्यांना ना सिम लागतं, ना टॉवर. म्हणूनच १९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅमची मदत झाली. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम पोर्ट ब्लेअरमध्ये होते. तिथली नेहमीची संपर्कयंत्रणा कोलमडल्यावर त्यांनी रेडिओवरून निरोप पोचवले. अशा वेळी दुकानातून महागडा अँटेना आणायला कोण जाणार? हाताशी असेल ती तार वापरावी लागते.

तार कुठलीही, लांबी मात्र ठरलेली

सगळ्यात सोपा अँटेना म्हणजे डायपोल: एका रेषेत दोन सारखे तुकडे, मधोमध केबल. एकूण लांबीचं सूत्र असं:

१४३ ÷ फ्रिक्वेन्सी (मेगाहर्ट्झमध्ये) = लांबी (मीटरमध्ये)

जवळपासच्या गप्पांसाठी हॅम १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. १४५ धरलं तर १४३ ÷ १४५ म्हणजे सुमारे ९८ सेंटीमीटर. प्रत्येक बाजूला ४९. कपडे वाळत घालायची तार, घरच्या वायरिंगमधली तांब्याची तार, सुताराच्या जुन्या मेजरिंग टेपची पोलादी पट्टी, काहीही चालतं. टेपचा रंग खरवडून केबल जोडायची आणि दोन्ही पट्ट्या पीव्हीसी पाइपला क्लँपने आवळायच्या. केबलची आतली तार एका पट्टीला, बाहेरची जाळी दुसरीला. अँटेना उभा ठेवायचा, कारण हातातले सेटही उभेच धरले जातात.

हातातल्या सेटचा रबरी अँटेना आखूड असतो, म्हणून कमजोर. त्यावर एक जुना उपाय आहे. अँटेनाच्या बुडाशी असलेल्या धातूच्या बाहेरच्या कड्याला ४९ सेंटीमीटरची वायर जोडून खाली लोंबती सोडायची. अँटेनाचा हरवलेला दुसरा भाग त्यातून मिळतो आणि आवाज बरेचदा सुधारतो.

नरडाण्यातून किती लांब?

धुळ्याहून शिरपूरकडे जाताना महामार्गावर नरडाणा लागतं. समजा, तिथून तुम्ही बोलताय. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे उंची सगळ्यात महत्त्वाची. अंदाज असा काढतात: दोन्ही अँटेनांच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं काढायची, बेरीज करायची आणि ४.१२ ने गुणायचं.

- दोघंही जमिनीवर, सेट हातात (दीड मीटर): साधारण १० किलोमीटर
- दोघांचेही अँटेना ९ मीटरवर: साधारण २५ किलोमीटर

ही मोकळ्या सपाट जागेची कमाल मर्यादा. झाडं आणि इमारती यातलं बरंच खातात. तरीही फरक बघा. सेट तोच, पॉवर तीच, फक्त अँटेना गच्चीवर गेला.

पण उत्तरेला सातपुडा आहे. डोंगरामागच्या पाड्याशी बोलायचं तर सरळ रेषा अडते. तिथे ७ मेगाहर्ट्झचा पट्टा कामाला येतो. १४३ ÷ ७.१ म्हणजे २० मीटर, प्रत्येक बाजूला १० मीटर तार. मधला भाग कडुनिंबावर सहा-सात मीटर उंच बांधायचा आणि दोन्ही टोकं नायलॉनच्या दोरीने खाली ताणायची. इतक्या कमी उंचीवरून लहरी मुख्यतः वर जातात, आयनोस्फिअरवरून परततात आणि डोंगर ओलांडून खाली उतरतात. दिवसा दोन-तीनशे किलोमीटरचा परिसर यात येऊ शकतो. यासाठी त्या पट्ट्याचा वेगळा सेट मात्र लागतो.

जुगाड कुठे थांबवायचा?

तार स्वस्त असली तरी चालेल, पण तीन बाबतींत तडजोड नको.

१. मॅचिंग: लांबी चुकली तर पॉवर अँटेनातून बाहेर न जाता सेटकडे परत येते आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतो. म्हणून तार आधी थोडी लांब कापा. मग एसडब्ल्यूआर मीटरवर बघत अर्धा-अर्धा सेंटीमीटर छाटा. आकडा १.५ च्या खाली आला की झालं. तोवर सेट सगळ्यात कमी पॉवरवर ठेवा.

२. वीज: नरडाण्यातून जाणाऱ्या सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या तारांत २५,००० व्होल्ट असतात. गल्लीतल्या तारासुद्धा जीव घेतात. खांब आडवा पडला तरी कुठल्याही विजेच्या तारेला लागणार नाही इतकं अंतर ठेवा. ढग गडगडायला लागले की सेटपासून केबल काढून घराबाहेर ठेवा आणि अँटेनाजवळ जाऊ नका.

३. परवाना: ऑनलाइन वॉकी-टॉकी मिळाला म्हणजे बोलायची मुभा मिळाली असं नाही. हॅमसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी रेडिओचं तंत्र आणि नियम यांवर परीक्षा असते. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेली मुलंही ती देऊ शकतात.

परवान्याआधी हात साफ करायचा असेल, तर साध्या एफएम रेडिओपासून सुरुवात करा. १०० मेगाहर्ट्झसाठी १४३ ÷ १०० म्हणजे १४३ सेंटीमीटर, प्रत्येक बाजूला साधारण ७१. बाहेरच्या अँटेनाची जागा असलेल्या रेडिओला हा डायपोल जोडा. तो आडवा करून बघा, उभा करून बघा, गच्चीवर नेऊन बघा. खरखरीत येणारं स्टेशन कुठे स्वच्छ होतं ते वहीत लिहून ठेवा. परीक्षेच्या पुस्तकातला अँटेनाचा धडा त्यानंतर वाचायला सोपा जातो.