शिसपेन्सिलीतील शिसे

पहिली-दुसरीच्या वर्गात एक प्रसंग वरचेवर घडतो. मूल लिहिता लिहिता शिसपेन्सिलीचे टोक तोंडात घालते, टोक मोडते आणि गिळले जाते. शेजारचे मूल तत्काळ वर्दी देते, "गुरुजी, यानं शिसं खाल्लं!" शिसे हा विषारी धातू आहे हे शिक्षकास ठाऊक असते, त्यामुळे त्याच्याही मनात धस्स होते. मुलास चूळ भरावयास लावली जाते, घरी निरोप जातो, आजी धावत येते आणि त्या दिवसाचा अर्धा तास असाच निघून जातो. हा सारा घोटाळा एका नावामुळे होतो. शिसपेन्सिलीच्या कांडीत शिसे नसते.

कांडीत असते ते ग्राफाइट, म्हणजे शुद्ध कार्बनाचेच एक रूप. हिरा हे त्याच कार्बनाचे दुसरे रूप होय. शिसे किती सहज वितळते हे कोकणातील मुलांना सांगावे लागत नाही, कारण मासे धरण्याच्या जाळ्यास लावावयाच्या शिशाच्या गोळ्या त्यांनी पाहिलेल्या असतात. हा धातू ३२७ अंश सेल्सिअसला पाण्यासारखा पातळ होतो. पेन्सिलीची कांडी मात्र चुलीच्या निखाऱ्यांत लाल झाली तरी वितळत नाही.

मग हे नाव आले कोठून? प्राचीन रोमन लोक कागदवजा पत्रावर रेषा आखण्यासाठी खऱ्या शिशाची चकती किंवा सळई वापरीत. शिशाचा करडा ओरखडा उठतो, हे त्यास पुरेसे होते. पुढे सोळाव्या शतकात इंग्लंडच्या वायव्येस, कंबरलंड परगण्यातील बॉरोडेल येथे डोंगरात एक काळाभोर, चकचकीत, हातास तेलकट लागणारा दगड सापडला. तो शिशापेक्षा कितीतरी काळी रेघ उमटवी. तो सापडला कसा याविषयी वादळात उन्मळून पडलेल्या झाडाची आणि मेंढ्यांवर खुणा करणाऱ्या मेंढपाळांची एक कथा सांगतात, पण ती कथा म्हणूनच घ्यावी. खरे एवढेच की रसायनशास्त्राचा उदय व्हावयाचा असल्याने लोकांनी त्यास शिशाचाच एक प्रकार मानले आणि 'काळे शिसे' म्हटले. १५६५ साली झुरिकचे विद्वान कोनराड गेस्नर यांनी आपल्या ग्रंथात लाकडी नळीत बसविलेल्या अशा लेखणीचे चित्र दिले आहे. पेन्सिलीचे इतके जुने चित्र क्वचितच आढळेल.

हा दगड इतका शुद्ध होता की करवतीने कापून त्याच्या सरळ कांड्या निघत. तोफांचे गोळे ओतण्याच्या साच्यांना आतून लावण्यासही तो उपयोगी पडे, म्हणून त्याचा भाव फार वाढला आणि चोरांची दृष्टी त्या खाणीवर गेली. १७५२ साली ब्रिटिश पार्लमेंटने या खाणींतील चोरीसाठी खास कायदा केला. ज्या वस्तूचे तुकडे आज वर्गाच्या केरात पडलेले असतात, तिच्या चोरीबद्दल त्या काळी सक्तमजुरी किंवा काळे पाणी होत असे!

ही वस्तू शिसे नव्हे, हे १७७९ साली स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी दाखविले. दहा वर्षांनी जर्मन भूशास्त्रज्ञ वेर्नर यांनी तिला 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून ग्राफाइट हे नाव दिले. परंतु तोपर्यंत जुने नाव जिभेवर इतके रुळले होते की शास्त्राचा निर्णय बाजारापर्यंत पोहोचलाच नाही. इंग्रजीतील चूक इंग्रजी शाळांबरोबर आपल्याकडे आली व मराठीत 'शिसपेन्सिल' होऊन बसली.

पुढची हकीकत युद्धाची आहे. फ्रान्समधील राज्यक्रांतीनंतर इंग्लंड व फ्रान्स यांच्यात लढाई जुंपली आणि बॉरोडेलचे ग्राफाइट फ्रान्सला मिळेनासे झाले. सैन्याला नकाशे काढावयाचे होते, हुकूम लिहावयाचे होते. हे काम निकोला-जाक काँते यांच्याकडे आले. काँते हे चित्रकार व विमान-बलूनचे जाणकार. एका प्रयोगातील स्फोटात त्यांचा एक डोळा गेलेला होता. हलक्या प्रतीच्या ग्राफाइटची भुकटी ओल्या मातीत मळून, तिच्या कांड्या पाडून त्या भट्टीत भाजावयाच्या, ही त्यांची युक्ती. १७९५ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. माती अधिक घातली तर कांडी कठीण व रेघ फिकी, माती कमी घातली तर कांडी मऊ व रेघ काळी. पेन्सिलीवर छापलेल्या 'एच' आणि 'बी' या अक्षरांचा अर्थ हाच, एक कठीणपणाचे व दुसरे काळेपणाचे. तेव्हा मुलांच्या हातातील कांडी ही खाणीतून निघालेला दगड नसून कुंभाराच्या मडक्याप्रमाणे मळलेली व भाजलेली वस्तू आहे. कुंभाराचे मूल वर्गात असेल तर हा भाग त्यालाच समजावून सांगावयास लावावा. माती कमीजास्त झाल्याने काय होते हे त्याला शिक्षकापेक्षा चांगले कळते.

लाकडात कांडी कशी घालतात, असे मुले हमखास विचारतात. पुष्कळांची समजूत अशी असते की लाकडास भोक पाडून कांडी आत सरकवितात. न तासलेल्या पेन्सिलीचे बूड उजेडात धरून निरखावे. बारकाईने पाहिल्यास मधून जाणारी सांध्याची रेषा दिसते. खाचा पाडलेल्या पट्टीत कांड्या ठेवून वर तशीच दुसरी पट्टी सरसाने चिकटवितात व मग पेन्सिली कापून वेगळ्या करतात. आपल्या देशात या पट्ट्यांसाठी काश्मीरमधील पुलवामा भागातील पॉपलर वृक्षाचे लाकूड पुष्कळ वापरले जाते.

मात्र पेन्सिल चघळू द्यावी असा याचा अर्थ नव्हे. शिशाची खरी शंका घ्यावयाची तर ती कांडीविषयी नव्हे, बाहेरील रंगाविषयी घ्यावी. तेलरंगांत शिशाची संयुगे मिसळण्याची रीत जगभर होती. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम भारतात २०१६ साली झाला. दातांनी खरवडला जातो तो रंगच. ज्याला नावामुळे विषारी मानले ते निरुपद्रवी, आणि ज्याकडे कोणाचे लक्ष नव्हते त्यात विष, असा हा उलटा प्रकार आहे.

खोडरबराची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. रबर येण्यापूर्वी पेन्सिलीचे लिखाण पावाच्या शिळ्या तुकड्याने पुसत. १७७० च्या सुमारास लंडनमध्ये हा चिकट पदार्थ त्या कामी विकला जाऊ लागला आणि 'घासणारा' म्हणून इंग्रजीत त्यास 'रबर' नाव पडले. मोटारीच्या चाकापासून पायताणापर्यंत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पदार्थाचे नाव अशा रीतीने पेन्सिलीच्या चुका पुसण्यावरून पडलेले आहे.

फळ्यावरील खडूची स्थिती शिसपेन्सिलीसारखीच आहे. खरा खडू हा एक मऊ चुनखडक. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म वनस्पतींची कवचे तळाशी साचून तो बनला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डोव्हरचे पांढरे कडे याचेच आहेत. शाळेत मिळणारा साधा खडू मात्र बहुधा जिप्समचा असतो, म्हणजे प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून साच्यात ओतलेला. हात मोडलेल्या मुलाच्या हातावर इस्पितळात जे पांढरे प्लॅस्टर घालतात, तोच हा पदार्थ. धूळ कमी उडणारे खडू निराळे. ते बहुधा चुनखडीच्या भुकटीचे असतात. आपल्या शाळेतील खडू कोणता, हे एका लिंबाने ठरविता येते. अंड्याच्या टरफलावर लिंबाचा रस पिळला की बारीक बुडबुडे येतात, कारण ते चुनखडीच्याच द्रव्याचे बनलेले असते. तोच रस खडूच्या तुकड्यावर टाकावा. बुडबुडे आले तर खडू चुनखडीचा, न आले तर जिप्समचा. या प्रयोगास खर्च नाही, आणि उत्तर शिक्षकालाही आधी ठाऊक नसते. त्यामुळे मुले अधिक मन लावून पाहतात.

आता राहिली पाटीवरील पेन्सिल. दगडी पाटी मुलांच्या हातून जवळजवळ गेली असली तरी ही पेन्सिल खेड्यातील दुकानांतून अजूनही विकली जाते, आणि ती सारीच लिहिण्यासाठी विकली जात नाही, हे प्रत्येक अनुभवी शिक्षकास माहीत आहे. पाटीचा दगड आंध्र प्रदेशातील मार्कापूरचा प्रसिद्ध, तर पेन्सिलीच्या धंद्यासाठी मध्य प्रदेशातील मंदसौरचे नाव होते. तेथे विजेवर चालणाऱ्या करवतींनी दगड कापीत, आणि त्याची गारेसारखी बारीक धूळ कामगारांच्या फुफ्फुसांत जाऊन बसे. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही. मंदसौरच्या कामगारांत त्याचे प्रमाण फार मोठे असल्याचे वैद्यकीय पाहणीत आढळले, आणि ऐन तारुण्यात माणसे दगावली. १९८६ च्या बालमजुरीविषयक कायद्याने मुलांना ज्या कामांवर ठेवण्यास बंदी केली, त्यांत पाटीवरील पेन्सिली तयार करणे व बांधणे हे काम होते. एका मुलाला अक्षर गिरविता यावे म्हणून दुसऱ्या मुलाचा श्वास खर्ची पडत होता.

श्वासावाटे जाणारी धूळ आणि पोटात जाणारा तुकडा यांत अर्थातच भेद आहे. पेन्सिलीचा एखादा तुकडा गिळल्याने बहुधा काही होत नाही. परंतु जे मूल पेन्सिल, खडू, माती किंवा भिंतीचा पोपडा नित्य खाते, त्याच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. अशा खाण्याचा रक्तक्षयाशी, म्हणजे शरीरातील लोहाच्या कमतरतेशी, निकट संबंध असतो. त्यातून माती पोटात गेली की जंत होतात आणि जंतांमुळे रक्त आणखी कमी होते. वर्गात असे मूल बहुधा फिकट, लवकर दमणारे, परिपाठाच्या वेळी उभे राहण्यास कंटाळणारे असते, आणि शेरेबहीत त्याच्या नावापुढे 'आळशी' किंवा 'लक्ष नाही' असे लिहिलेले असते. ही खोड छडीने जात नाही. मूल फक्त चोरून खावयास शिकते.

त्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू, नखे व जीभ उजेडात पाहावी. त्यांची लाली गेलेली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. रंग ठीक वाटला तरी खोड टिकून असल्यास पाठवावेच, कारण थोडा रक्तक्षय नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. २०१८ साली सुरू झालेल्या 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यास लोहाची एक गुलाबी गोळी ठरविलेली आहे. ती अशा मुलाने आपल्यासमोर, जेवणानंतर गिळली की नाही हे पाहावे. गोळीने मळमळते म्हणून ती खिशात घालून घरी नेणारी मुले पुष्कळ असतात. आईशी बोलावयाचे ते चारचौघांत नको. पोर माती खाते हे सांगण्यास घरची माणसे लाजतात, डॉक्टरांनी विचारले तरी नाही म्हणतात. म्हणून आरोग्य तपासणीच्या दिवशी त्या मुलाच्या पत्रकावर हे शिक्षकाने आपल्या हाताने लिहून ठेवावे.