पक्षी उडण्याआधीचे दोन सेकंद

तुमच्या मेसेजेसमध्ये एक प्रश्न हमखास असतो: 'उडत्या पक्ष्याचा फोटो काढायचाय, कोणता फोन घेऊ?' मी सॉफ्टवेअर इंजिनियर, त्यामुळे फोनच्या स्पेसिफिकेशनवर तासभर बोलायला मला आवडलंच असतं. पण आजच्या भागात फोन जरा बाजूला ठेवू. कारण खरी अडचण वेळेची आहे.

साधा हिशोब बघा. ताशी ३६ किलोमीटर वेगाने उडणारा पक्षी एका सेकंदात १० मीटर जातो. आपल्याला दिसलं, मेंदूला कळलं आणि बोट हललं, यात साधारण पाव सेकंद जातो. तेवढ्यात पक्षी अडीच मीटर पुढे! म्हणजे तो उडाल्यावर बटण दाबलं, तर फ्रेममध्ये शेपूट येणार, नाहीतर नुसतं आकाश. फोन कितीही महाग घ्या, हा पाव सेकंद आपलाच आहे. म्हणून पक्षी काय करणार, हे आधी ओळखायला शिकायचं.

आणि गंमत म्हणजे, पक्षी ते सांगतो.

वाऱ्याकडे तोंड

पहिला नियम: पक्षी शक्यतो वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उडतो आणि उतरतो. समोरून येणाऱ्या वाऱ्यामुळे त्याला वर उचललं जायला मदत होते. विमानंही तेच करतात. त्यामुळे वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी येतील अशी जागा शोधा. मग पक्षी उडेल तो तुमच्या बाजूला तोंड करून, आणि उजेड त्याच्या अंगावर असेल.

दुसरं, शरीराकडे बघा. एका पायावर उभा, पिसं फुलवलेली, मान आत ओढलेली. असा बगळा इतक्यात कुठे जात नाही. पण पिसं अंगाला चिकटली, मान लांब झाली, तो थोडा खाली वाकला, की बोट बटणावर ठेवा. बरेच मोठे पक्षी उडण्याआधी शिटतात, तीही खूण समजा. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तर पाण्यावर चार पावलं धावल्याशिवाय वर उठतच नाही. तेवढी धाव तुम्हाला पुरेशी आहे.

कुणापासून सुरुवात करायची?

घार. शहरातसुद्धा गच्चीवरून दिसते. ऊन तापलं की गरम हवा वर चढते आणि घार त्या हवेत पंख न हलवता गोल गोल फिरते. तिची चक्कर ठरलेली असते. दोन चकरा नुसत्या बघा. कुठल्या वळणावर पंखांवर ऊन पडतं ते कळेल. तिसऱ्या चकरेला तिथेच फोन धरा.

वेडा राघू. शेताच्या कडेला तारेवर बसलेला असतो. उडतो, हवेतच किडा पकडतो आणि बऱ्याचदा त्याच जागी परत येऊन बसतो. मधमाशी असेल तर तारेवर आपटून, घासून तिचा डंख काढतो. त्याच्यामागे फोन फिरवत बसू नका. फोकस तारेवर लॉक करा आणि तो परत येताना बर्स्ट मारा.

काळा-पांढरा खंड्या. पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली, डोकं स्थिर, आणि मग सरळ सूर मारतो. उडता पक्षी एका जागी थांबून फोटो देतो, अजून काय पाहिजे!

आता सेटिंग, दोन वाक्यांत. प्रो मोड असेल तर मोठ्या पक्ष्यांसाठी शटर स्पीड १/१००० आणि छोट्यांसाठी १/२००० ठेवा. बर्स्ट कसा लागतो ते घरीच बघून घ्या, आणि डिजिटल झूम टाळा.

खाडीचं टाइमटेबल

थव्याचा फोटो हवा असेल तर ठाणे खाडी घ्या. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा रोहित तिथे खात असतात. भरतीचं पाणी चढलं की चिखल झाकला जातो आणि थवे उठून नवी मुंबईच्या बाजूच्या पाणथळ जागांकडे जातात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि ती फोनवर आधीच बघता येते. तुम्ही वेळेवर पोचायचं, बाकी काम पाणी करतं.

दगड मारून उडवलेला पक्षी

आता महत्त्वाचं. भिगवणला, उजनीच्या पाण्यावर, बोटीत कुणीतरी म्हणतंच: 'दादा, बोट जरा अजून जवळ घ्या ना, उडतील मग.' काही जण टाळ्या वाजवतात, किनाऱ्यावरून दगडही मारतात. फोटो मिळतो, पण कसला? घाबरलेला पक्षी तुमच्यापासून लांब पळतो, म्हणजे फोटोत येते त्याची पाठ. आणि त्याची किंमत तो भरतो. थंडीत तिथे येणारे पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून आलेले असतात. इथे त्यांनी खायचं, विश्रांती घ्यायची आणि परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायची. प्रत्येक बोटीमागे एकदा उडावं लागलं, तर साठवलेलं आपल्या फोटोसाठीच खर्च होतं.

म्हणून मघाशी सांगितलेल्या खुणा दोन प्रकारे वाचा. मान वर आणि तोंड वाऱ्याकडे, तर तो स्वतःहून निघालाय, तयार राहा. मान वर, खाणं थांबलेलं आणि नजर तुमच्यावर, तर तुम्ही जास्त जवळ गेलात. तिथेच थांबा, हळूच मागे या. तो पुन्हा खायला लागला की समजा, अंतर बरोबर आहे. बोटीतल्या दादांनाही आधीच सांगून ठेवा, 'उडवू नका, आम्ही थांबतो.' गिऱ्हाईकच म्हणतंय म्हटल्यावर तेही निवांत होतात.

या आठवड्याचा होमवर्क: दहा मिनिटं एकाच पक्ष्याकडे बघत बसा, फोन खिशात. तो उडणार असं वाटलं की मोठ्याने म्हणा, 'आता!' दहापैकी किती वेळा बरोबर आलं ते मला कळवा. सहाच्या वर गेलात, की फोन बाहेर काढा.

भेटू पुढच्या भागात!