बक्षीसपत्रातली एक अट

कुटुंब मोडलं, ही हळहळ जुनीच आहे. माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. गिरणगावातला कोकणी कामगार बायकापोरांना गावी ठेवून खानावळीत जेवायचा आणि महिन्याला मनीऑर्डर धाडायचा, तेव्हा तरी कुटुंब एका छपराखाली कुठे होतं? समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुव्याचा अभ्यास करून हेच सांगितलं, की एकत्रपणा चुली मोजून ठरत नाही. एकमेकांप्रति जबाबदाऱ्या कशा निभावल्या जातात यावर ठरतो.

बदलली ती कुटुंबाची कामं. बाळंतपण दवाखान्यात गेलं, पापड-लोणची दुकानात, अडीनडीचा पैसा बँकेत. म्हाताऱ्यांना सांभाळणं तेवढं घरातच राहिलं. ते कोणी करायचं, हे सांगायला 2007 मध्ये कायदा करावा लागला. साठी ओलांडलेल्यांना किंवा कोणत्याही वयाच्या आईवडिलांना स्वतःचा चरितार्थ चालवता येत नसेल, तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना 10 हजार रुपये. शहरात एवढ्यात दिवसरात्रीची बाईसुद्धा मिळत नाही! या कायद्याच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातवंडं आहेत, सून नाही. पथ्यपाणी मात्र बहुतेक घरांत तीच बघते.

लेकीचं काय? लग्न झालेल्या मुलीवरही निराधार वडिलांच्या पोटगीची जबाबदारी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात ठरवलं. वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने लेकींना दिला तो 1994 मध्ये, म्हणजे जबाबदारी आधी आणि हक्क नंतर. आजही कितीतरी बहिणी भावाच्या नावे हक्कसोडपत्रावर सही करतात आणि आईच्या आजारपणात रजा टाकून धावतात. याला कुटुंब तुटणं म्हणत नाहीत, पण न्यायही म्हणता येणार नाही.

म्हाताऱ्यांना सांभाळण्याच्या त्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 फार थोड्यांना ठाऊक असतं. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. पण ती अट मुळात घातलेली होती हे दिसावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये बजावलं. 2025 च्या एका निकालात न्यायालयाने उदार भूमिका घेतली खरी, तरी त्यावर विसंबू नका. घर मुलाच्या किंवा मुलीच्या नावे करणार असाल, तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्या. मुलं रागावली तरी चालेल.