पोरांचा पास्ता आणि आपल्या चकोल्या

शाळांना सुट्टी लागली की पोरं दिवसभर घरात आणि दर दोन तासांनी भूक. टीव्हीवर पाहिलेला पास्ता हवा, असा हट्ट आता वाडीवस्तीवरही होतो. भगिनींनो, त्यांच्यावर रागावू नका. पीठ मळायचं, त्याचे आकार करायचे आणि उकळत्या पाण्यात शिजवायचे, एवढीच पास्त्याची विद्या. सातारा-सांगलीच्या बाईला ती कुणी शिकवायला नको. आपण चकोल्या म्हणतो, कुठे वरणफळं म्हणतात. पास्ता ज्या कठीण गव्हाच्या रव्याचा करतात, त्याचा जुना नातेवाईक म्हणजे आपला खपली गहू. कृष्णाकाठी तो अजून पिकतो.

फरक आहे तो पाण्याचा. पास्ता भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं, ही तिकडची रीत. शंभर ग्रॅमला एक लिटर, म्हणजे पाच माणसांच्या घरात निम्मी कळशी मोरीत गेली. माण-खटावला किंवा जत-आटपाडीला टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला हे कसं परवडावं? चकोल्या आमटीतच शिजतात. भांडं एकच, गॅसही कमी.

भरला डबा पाण्यावाचून कसा बंद होतो, हे बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. सन १९०१. भीमराव तेव्हा साताऱ्याला शिकत होते. वडील रामजी खटाव तालुक्यात कॅशियर होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकार तिथे तलाव बांधत होतं. वडिलांकडे जायला निघालेली ही मुलं मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच गाडीवाले नेईनात. दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची. वाटेत डबा उघडला, पण प्यायला चांगलं पाणी नव्हतं. रात्री नाक्यावरही मिळालं नाही. डबा भरलेला असून पोरं उपाशी झोपली. आणि बाप कामाला होता तो तलावाच्या बांधकामावर!

म्हणून पाणी राखून केलेल्या जेवणाला मी तरी कमी लेखत नाही.

आता कृती. वाटीभर तूरडाळ हळद घालून मऊ शिजवा. दोन वाट्या कणकेत मीठ, ओवा आणि चमचाभर तेल घालून पीठ घट्ट मळा. सैल झालं तर चकोल्यांचा लगदा होतो. बाजारात जे स्वस्त असेल ते घ्या: शेवग्याच्या शेंगा, दोडका, गवार, एखादं वांगं. दोडक्याच्या शिरा टाकू नका, तिळाबरोबर परतून चटणी होते. मोहरी, लसूण, कढीपत्त्याची फोडणी करून आधी गवार आणि शेंगा परता, दोडका-वांगं मागाहून. कांदा-लसूण मसाला दीड चमचा, लहान पोरं असतील तर अर्धाच. मग डाळ, पाच-सहा वाट्या पाणी, मीठ आणि गुळाचा खडा. आंबटाला चिंचेऐवजी कैरीच्या चार फोडी घाला, उन्हाळ्यात त्यांची चव काही वेगळीच लागते.

आमटीला खळखळून उकळी आली की पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे करा आणि एकेक सोडा. सगळे एकदम टाकले की गोळा झालाच म्हणून समजा. लाटणं बाईचं असलं तरी कापायला आणि सोडायला पोरगा-पोरगी दोघांनाही बसवा. घरच्या धन्यालाही हरकत नसावी. दहा-बारा मिनिटांत चकोल्या शिजतात. वर मूठभर शेंगदाण्याचं कूट आणि कोथिंबीर.

पोरांना पास्ताच हवा असेल तर बाजारातली मकरोनी आणा, पण ती याच आमटीत शिजवा, वेगळी उकळू नका. आमटी थोडी पातळ ठेवा, मकरोनी पाणी फार ओढते.

संध्याकाळपर्यंत चकोल्या घट्ट होतात. वाटीभर गरम पाणी घालून पुन्हा उकळी आणा. आमच्याकडे तर सकाळपेक्षा संध्याकाळच्याच आधी संपतात.